केकचा भाव कसा पाहावा?

हल्ली वाढदिवसाला केक कापतात. भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्याच्या घरीही केक येतो. पण त्याचे दाम किती द्यावे?

केकला मैदा, साखर, अंडी, लोणी, मलई लागते. भट्टीचा खर्च असतो. कारागिराची मजुरी, दुकानाचे भाडे असते. म्हणून केक नुसत्या मैदा-साखरेच्या भावात मिळणार नाही. वर बाहुली, फुले मागितली की मजुरी वाढते. चव काही वाढत नाही!

आधी किलोचा भाव विचारा. दोन-चार दुकाने फिरा. केक खोक्याशिवाय तोलून घ्या. समजा, भाव किलोला ६०० रुपये आहे. खोके १०० ग्रॅमचे आहे. खोक्यासकट तोलले, तर ६० रुपये पुठ्ठ्याचे गेले! असे तोलणे कायद्याला धरून नाही.

पावती मागा आणि वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून केकवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जास्त लावला असेल, तर विचारा.

अंथरूण पाहून पाय पसरावे. अर्ध्या किलोच्या केकनेही मूल तेवढेच हसते.