नरक्याचं विष, आपलं औषध

सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर नंदुरबार लागतं. रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी तिथलेच, जन्म १९२५चा. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं आणि १९६६मध्ये त्याची रचना जाहीर केली. त्यापासून पुढे टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं घडली. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, आणि या दोन वृक्षांची कुळं अगदी वेगळी. निसर्गानं माणसासाठी औषधं राखून ठेवली आहेत, असं यावरून वाटू शकतं. माझ्या मते पुरावा उलट सांगतो. झाड औषध करत नाही, स्वतःच्या बचावासाठी विष करतं.

पेशीत डीएनएला पडलेला पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचं विकर त्याचा एक धागा कापतं आणि पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन या विकराला कापलेल्या जागीच अडकवून ठेवतं, त्यामुळे वेगानं विभागणाऱ्या पेशी मरतात. हे विकर किड्यात आहे, माणसात आहे आणि झाडातही आहे. मग झाड कसं वाचतं? २००८मध्ये जपानी संशोधकांना दिसलं, की हे द्रव्य बनवणाऱ्या वनस्पतींच्या विकरात एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कर्करोगपेशींतही नेमका तोच बदल आढळला होता. ज्याच्यापासून स्वतःला इतकं जपावं लागतं, ते विषच.

कुणी म्हणेल, हा वनस्पतीचा टाकाऊ माल असेल. एकेकाळी अभ्यासकही तसं मानत. पण कॅम्प्टोथेसिनच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, आणि नायट्रोजनची तर झाडाला सदाची चणचण. शिवाय चिनी वृक्षात ते भरपूर सापडतं कोवळ्या पानांत, म्हणजे किड्यांना सर्वांत आवडणाऱ्या जागी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतकं गुंतागुंतीचं द्रव्य आपोआप कसं घडेल? एका झटक्यात घडत नाहीच. एखाद्या जनुकाची चुकून जादा प्रत तयार होते, मूळ प्रत जुनं काम सांभाळते आणि दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. बहुतेक बदल वाया जातात, पण एखाद्यामुळे किड्याला पान कडू लागलं तर ते झाड तगतं, त्याचं बी पसरतं. कॉफी आणि चहा यांनी कॅफिन असंच स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या जनुकांतून मिळवलं आहे.