परदेशस्थ समाजाची गणना : वाढ कशी मोजावी?

परदेशी गेलेल्या समाजाची वाढ किती झाली, हा प्रश्न वरकरणी साध्या बेरजेचा वाटतो. वस्तुतः तो प्रथम व्याख्येचा प्रश्न आहे. कोणास मोजावयाचे हे ठरल्यावाचून किती हे सांगता येत नाही.

भारतीयांचेच उदाहरण घेऊ. २०२० साली संयुक्त राष्ट्रांनी परदेशस्थ भारतीयांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाख धरली. त्याच सुमारास भारताचे परराष्ट्र मंत्रालय ३ कोटी २० लाखांच्या आसपास आकडा देत होते. यांपैकी असत्य कोणताच नाही. पहिली गणना मुख्यतः जन्मस्थानावर आधारलेली आहे. दुसरीत परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोकही येतात. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कुटुंब म्हणूनच एका यादीत असते, दुसरीत नसते.

कोणत्याही समाजाच्या वाढीची चार अंगे असतात : जन्म, मृत्यू, आगमन आणि निर्गमन. धर्माधारित समाजास पाचवे अंग असते, ते म्हणजे स्वतःची ओळख नोंदविणे. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध सुमारे अडीच हजार होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. ही वाढ जन्मदराची नव्हे, १९५६ च्या धर्मांतराची होय.

इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत २००१ पासून धर्माचा ऐच्छिक प्रश्न आहे. तेथे बौद्धांची नोंद २००१ मध्ये सुमारे १ लाख ४४ हजार, २०११ मध्ये २ लाख ४८ हजार व २०२१ मध्ये २ लाख ७३ हजार झाली. पहिल्या दशकाचा वेग तसाच पुढे गृहीत धरला असता, तर २०२१ चा अंदाज सव्वाचार लाखांवर गेला असता. एका दशकाच्या वेगावरून भविष्य सांगणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

शिवाय या आकड्यात थाई, सिंहली, चिनी आणि इंग्रज बौद्धही आहेत. महाराष्ट्रातून गेलेले किती, हे जाणण्यासाठी धर्म, जन्मस्थान व भाषा यांची नोंद एकत्र पाहावी लागते. तरीही तेथे जन्मलेली मुले जन्मस्थानाच्या रकान्यातून निसटतात. विहाराची यादी पूरक ठरते. पण ती येणाऱ्यांचीच असते. अमेरिकेच्या जनगणनेत तर धर्म विचारलाच जात नाही.

जातीची ओळख उघड होईल या भयाने जो रकाना कोरा सोडतो, तो गणनेत उरत नाही. आणि जो समाज गणनेत नाही, त्याची गाऱ्हाणी मांडणेही कठीण होते. म्हणून आम्हांस वाटते, मोठा आकडा सांगण्यापेक्षा तो कसा काढला हे सांगणे अधिक हिताचे आहे.