जाताना वेगळं, येताना वेगळं

‘उत्तर कोरिया चीनसारखा आहे’ हे वाक्य चटकन पटतं. ‘चीन उत्तर कोरियासारखा आहे’ म्हटलं की कपाळाला आठी पडते. मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की यांनी १९७७ मध्ये हेच दाखवलं: आपण लहानाची तुलना मोठ्याशी करतो, उलट नाही. साम्यालाही दिशा असते. पंचाईत होते ती साम्याचा नकाशा काढणाऱ्याची: त्यात जास्त सारख्या गोष्टी जवळ मांडायच्या, पण कागदावर दोन ठिपक्यांमधलं अंतर कुठूनही मोजा, तेवढंच भरतं.

अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी १९५७ मध्ये मोर्सची संकेतलिपी न येणाऱ्या ५९८ जणांना ३६ संकेत जोडीजोडीने ऐकवले आणि दोन्ही एकच की वेगळे, एवढंच विचारलं. त्या उत्तरांच्या तक्त्यावरून बेल लॅब्जच्या रॉजर शेपर्ड यांनी १९६३ मध्ये नकाशा काढला. त्यात एका दिशेला संकेताची लांबी, दुसऱ्या दिशेला टिंबं-रेघांचं प्रमाण आपसूक उमटलं. कमालच! मात्र ‘आधी अ, मग ब’ आणि ‘आधी ब, मग अ’ यांचे आकडे जुळत नव्हते. नकाशासाठी त्यांची सरासरी काढली गेली आणि उरलेला फरक बाजूला पडला.

खंडाळ्याचा घाट चढा की उतरा, किलोमीटर तेवढेच. दमछाक तेवढी नाही. ही दमछाक वेगळी काढून कागदावर मांडली जॉन गॉवर यांनी, १९७७ मध्येच. ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रातले. तिथल्याच संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचं नाव संख्याशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतं, गॉवर तळटिपेत. हे मला अजिबात पटत नाही.

त्यांची युक्ती अशी. ‘अ’कडून ‘ब’ ६०, उलट ४० असेल, तर सरासरी ५० पहिल्या नकाशात जाते. उरलेल्या अधिक-उणे १० साठी दुसरं चित्र. त्यात अंतर बघायचंच नाही; दोन ठिपके आणि मधला आरंभबिंदू यांचा त्रिकोण बघायचा. क्षेत्रफळ जितकं मोठं, तितका एकतर्फीपणा जास्त. घड्याळाच्या दिशेने की उलट, यावरून वरचढ कोण ते कळतं. दोन ठिपके आरंभबिंदूशी एका रेषेत आले, तर कितीही लांब असोत, क्षेत्रफळ शून्य: कुणीच वरचढ नाही. आणि ठिपके आरंभबिंदूभोवती गोल बसले तर? मग दगड-कागद-कात्रीसारखा मामला. प्रत्येकाला कुणीतरी सव्वाशेर.

हल्ली साम्याचे रंगीत नकाशे पैशाला पासरी मिळतात. ते बघताना एवढंच विचारावं: सरासरीआधी तक्त्याचे दोन्ही अर्धे जुळत होते का?