‘काही नाही’ हे सांगणारं सीटी

छातीत कळ आली म्हणून माणूस इमर्जन्सीत येतो. ईसीजी ठीक, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन) नॉर्मल. तरी ‘गॅस असेल, जा घरी’ म्हणायला डॉक्टरांची जीभ रेटत नाही. मग रात्रभर मॉनिटर, पुन्हापुन्हा रक्त, आणि नातेवाईक बाहेर बाकावर.

अशाच अधांतरी पेशंटांपैकी 1000 जणांवर अमेरिकेतल्या नऊ हॉस्पिटलांत चाचणी झाली, ‘रोमिकॅट-2’. निकाल 2012 मध्ये आला. निम्म्यांच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या, निम्म्यांची आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं सीटी. सीटीवाल्यांपैकी 47 टक्के इमर्जन्सीतूनच घरी गेले, बाकीच्यांपैकी फक्त 12 टक्के. मुक्काम सरासरी साडेसात तासांनी घटला आणि दोन्हीकडे कुणाचाही हृदयविकार नजरेतून सुटला नाही.

हे सीटी वाटतं तितकं सोपं नाही. हृदयाची रक्तवाहिनी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि तीही सतत हलती. म्हणून आधी बीटा ब्लॉकर देऊन नाडी साठीच्या आसपास उतरवतात. जिभेखाली नायट्रोग्लिसरिन, त्याने वाहिन्या फुलतात. हातातल्या सुईतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट गेलं की अंगभर ऊब पसरते. कपड्यातच लघवी झाली की काय, असं अनेकांना वाटतं. (झालेली नसते.) ‘श्वास रोखा’ म्हटलं की काही सेकंद हलायचं नाही. मशीन ईसीजीवर नजर ठेवून दोन ठोक्यांमधला निवांत क्षण पकडतं. वाहिनीत कॅल्शियम फार साठलेलं असेल, तर मात्र त्याच्या चकाकीत आतला मार्ग नीट दिसत नाही.

शिवाय त्याच रोमिकॅट-2 मध्ये सीटीवाल्यांच्या पुढच्या तपासण्या वाढल्या, रेडिएशनही जास्त झालं, आणि एकूण खर्च काही वाचला नाही. ब्रिटनमधल्या 37 हॉस्पिटलांत 1748 जणांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2021 मध्ये आला. त्यात मध्यम जोखमीचे पेशंट होते. लवकर सीटी करूनही वर्षभरातले हार्ट अटॅक किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. त्यात आता अतिसंवेदनशील ट्रोपोनिन चाचणी एक ते तीन तासांत बरंच काही सांगून जाते. तेव्हा सरसकट सीटी नको. शंका उरलीच, तर जरूर.

आणि ज्याचा ईसीजीच अटॅक दाखवतोय, त्याला सीटीत वेळ घालवायचाच नसतो. त्याची जागा कॅथ लॅबमध्ये, जिथे बंद वाहिनी उघडतात. म्हणून छातीत कळ आली तर सीटी सेंटर शोधत बसू नका. 108 लावा. हॉस्पिटलात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, तो आधी मागा.