तिसरा हिस्सा गावाचा

जामखेड तालुक्यातील खर्डा हे नाव इतिहासात राहिले ते ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे. परंतु त्या स्वारीच्या बखरीचे जाहीर वाचन निंबाळकर सरदारांच्या किल्ल्यासमोर करावे, वृद्धांच्या मुखातील आख्यायिका शाळकरी मुलांकडून टिपून घ्याव्यात आणि त्यांचे लहानसे प्रदर्शन मांडावे, असे तेथील एखाद्या वाचनालयाच्या कार्यवाहाने मनात आणले, तर सतरंज्या, दिवाबत्ती व छपाई यांचा खर्च त्याने किर्दीत कोणत्या बाबीखाली दाखवावा?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने व त्याखालील नियमांनी ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंत श्रेणी ठरवून गावोगावच्या वाचनालयांस वार्षिक अनुदानाचा आधार दिला, हे उपकार मान्यच केले पाहिजेत; तथापि ‘ड’ वर्गास २०१२ पासून वर्षाला ३०,००० रुपये मिळत आणि २०२२ साली त्यात ६० टक्के वाढ झाली, तरी ग्रंथपालाचे वेतन, पुस्तके, नियतकालिके आणि वीजबिल भागविताना ही रक्कम पुरी पडत नाही, मग कल्पकतेसाठी शिल्लक कोठून राहणार? अनुदान संस्थेला जिवंत ठेवते. तिने काही नवे करावे, अशी तरतूद मात्र त्यात जवळजवळ नाही.

याच्या उलट दृष्टी एका मराठी राजाने शतकापूर्वीच दाखविली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण करून जी ग्रंथालय व्यवस्था उभारली, तिचे मर्म हे की ग्रामस्थांनी वर्गणी जमविली म्हणजे तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने, ठरावीक मर्यादेपर्यंत, द्यावयाची. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या मुलुखभर हिंडत होत्या. शिवाय ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी जादूचे कंदील व चलच्चित्रे दाखविणारी स्वतंत्र शाखाच होती. निरक्षराला वाचनालयाचा हक्कदार मानणे, हे त्या काळी केवढे धाडस!

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०२१ च्या सुमारास छोट्या व ग्रामीण ग्रंथालयांस लोकसंवादाच्या उपक्रमांकरिता ३,००० डॉलरची अनुदाने दिली, ती याच जातीची. सोबत ग्रंथपालास बैठक चालविण्याचे शिक्षणही मिळाले. आपल्याकडे कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून समान निधी व असमान निधी अशा योजना चालविते, परंतु प्रस्तावांची कागदपत्रे पाहून खेड्यातील कार्यवाह, जो बहुधा दिवसा दुकान किंवा शेत सांभाळीत असतो, बिचकतो. आणि मला त्याचा दोष वाटत नाही.

खर्डा ज्यात येते त्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला तर या कामाची परंपरा आहे: अहमदनगर जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. जिल्ह्याच्या योजनेतून दहा-पंधरा वाचनालयांस प्रत्येकी २०,००० रुपये, एका पानाचा अर्ज आणि एका पानाचा हिशेब एवढ्या अटींवर मिळाले, तर सरकारी तिजोरीस ते जाणवणारही नाही. बडोद्याचा नियम येथेही लावावा, फक्त गावाचा हिस्सा रोख रकमेतच मागू नये. कोणी मांडव द्यावा, कोणी ध्वनिक्षेपक, कोणी पाहुण्या शाहिराचे जेवण, आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने या सर्वांची किंमत वहीत रीतसर वर्गणी म्हणून धरावी.