परदेशी गेलेली जात : इंग्लंड आणि अमेरिका

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात व त्यांसाठी युरोप-अमेरिकेतून साधक आपल्या गावी येतात. आता आपल्या समाजातील मुले-मुलीही उच्च शिक्षणासाठी त्या देशांत जाऊ लागली आहेत. समुद्र ओलांडला की जात मागे राहते, असा अनेकांचा समज असतो. तो कितपत खरा आहे आणि तेथील राज्यव्यवस्था याबाबत काय करते, याचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. हिंदू लोक जगात अन्यत्र जाऊन राहिले तर जातीचा प्रश्न साऱ्या जगाचा होईल, हे ज्ञानकोशकार केतकरांचे मत त्यांनी त्यात नमूद केले होते. पुढील शतकाने हे मत खरे ठरविले.

जातीचा अभिमान परदेशात किती पोकळ ठरतो, याचे उदाहरण १९२३ सालचे आहे. त्या वेळी अमेरिकेचे नागरिकत्व देताना वर्ण पाहिला जाई. भगतसिंग थिंद या अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या पंजाबी गृहस्थाच्या वतीने आपण उच्च जातीचे आर्य, म्हणून गोरे, असा दावा करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ज्या उच्च-नीच भावनेचा आधार घेतला, तिनेच घात केला. पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला आणि १९६५ च्या कायद्याने भारतीयांना तेथे स्थायिक होण्याचा मार्ग मोकळा झाला.

इंग्लंडमध्येही स्थलांतरितांविरुद्ध टोकाची भाषा झाली. १९६८ साली खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये प्रक्षोभक भाषण केले. पक्षनेत्यांनी त्यांना जबाबदारीच्या पदावरून दूर केले, आणि त्याच वर्षी वंशावरून घर वा नोकरी नाकारण्यास बंदी करणारा कायदा संमत झाला. अशा कायद्यांचे संरक्षण आपल्या देशबांधवांना मिळाले. परंतु ज्यांना वंशभेद नको होता, त्यांच्यापैकी काहींनी जातिभेद मात्र सोबत नेला.

त्यावर उपाय करताना दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ब्रिटनमध्ये समतेचे कायदे मुख्यतः संसद करते. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा केवळ अधिकार सरकारला होता. लॉर्ड्स सभागृहाच्या आग्रहामुळे २०१३ मध्ये ते सरकारचे कर्तव्य ठरले. तरीही २०१८ साली सरकारने वेगळी तरतूद करणार नसल्याचे जाहीर केले. २०१४ च्या एका खटल्यात अपील न्यायाधिकरणाने जात ही वांशिक मूळ या संज्ञेत येऊ शकते असे म्हटले होते. तेवढ्यावर सरकारने भिस्त ठेवली.

अमेरिकेत संघराज्य असल्याने दारे अनेक आहेत. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगर परिषदेने जातिभेदावर बंदी घातली. हे पाऊल उचलणारे ते तेथील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असे विधेयक संमत केले, पण प्रचलित कायदे पुरेसे आहेत असे कारण देऊन राज्यपालांनी ते नाकारले. तरी त्याच राज्यातील फ्रेस्नो शहराने आपली बंदी केली होती. थोडक्यात, ब्रिटनमध्ये एका ठिकाणी नकार मिळाला की तो साऱ्यांना मिळतो. अमेरिकेत एका दारी नकार मिळाला तरी दुसरे दार ठोठावता येते. मात्र तेथे संरक्षण गावागणिक बदलते.

बाबासाहेबांनी दोन्ही देशांत शिक्षण घेतले, पण अनुकरण कोणाचेही केले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितले, की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक आणि संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक. त्यांनी उत्तरदायित्वाला प्राधान्य दिले, आणि अमेरिकेप्रमाणे दुहेरी नागरिकत्व न ठेवता साऱ्या देशासाठी एकच नागरिकत्व ठेवले. त्यामुळे कलम १७ अन्वये झालेली अस्पृश्यतेची बंदी इगतपुरीत एक आणि मुंबईत दुसरी, असे होत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही देशाच्या कायद्याला साधलेली नाही, ती म्हणजे मन बदलणे. आपल्यातही सोयरीक जुळविताना पोटजात विचारली जाते, हे कटू असले तरी सत्य आहे. तो प्रश्न आपण येथे विचारत राहिलो, तर उद्या लंडनला जाणारा आपला मुलगाही तो घेऊनच जाईल. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेथील कायदा समजून घ्यावा, अन्याय झाल्यास सनदशीर मार्गाने दाद मागावी, आणि विमानात चढण्यापूर्वी पोटजातीचे ओझे येथेच उतरवून ठेवावे. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाकडून एवढी अपेक्षा करणे गैर नव्हे.

भवतु सब्ब मंगलं !