उधारीची वही आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

कॉम्प्युटरच्या पदवीचं शेवटचं वर्ष लागलं, की घरात एक शब्द सारखा कानावर पडू लागतो. तो म्हणजे 'प्रोजेक्ट'. आई-वडिलांना वाटतं, हे काहीतरी खर्चाचं प्रकरण दिसतंय. मुलांना वाटतं, कसंबसं एकदा उरकावं. खरं तर तोपर्यंतच्या प्रत्येक परीक्षेत प्रश्न दुसऱ्यानं काढलेला असतो, आपण फक्त उत्तर लिहितो. प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदाच प्रश्नही आपणच शोधायचा असतो. अवघड जातं ते हेच.

मी भिंगारचा. २००५-०६ साली बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं विद्यापीठ म्हणजे तेव्हाचं पुणे विद्यापीठ, आजचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. त्या काळी तयार प्रोजेक्ट सीडीवर विकत मिळत. पगारपत्रक, हॉस्पिटल, ग्रंथालय, हवा तो विषय. वर आपलं नाव घालायचं, काळ्या पुठ्ठ्यात अहवाल बांधून घ्यायचा, झालं! खोटं कशाला बोलू, मीही त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. विषय सांगायला गेलो तेव्हा आमच्या सरांनी एवढंच विचारलं, "हे उद्या वापरणार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात उभा होतो. महिनाअखेर होती. काका उधारीच्या वहीतली बेरीज करत होते आणि चाळीस रुपयांवरून एका गिऱ्हाइकाशी त्यांची हुज्जत चालली होती. म्हटलं, आपला प्रश्न हाच.

काम सोपं वाटलं होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने केले आणि काकांना दाखवले. त्यांनी वही पुढे सरकवली. वहीत नावं होती 'दळणवाल्या मावशी', 'कोपऱ्यावरचे सर', 'पाथर्डी रोडची ताई'. अर्ध्या गिऱ्हाइकांची आडनावं काकांना माहीतच नव्हती, आणि त्यांचं कधी अडलंही नव्हतं. माझे तीन रकाने पहिल्याच दिवशी बाद झाले. प्रोग्रॅम लिहिण्याआधी माणूस काम कसं करतो ते त्याच्या शेजारी बसून पाहावं लागतं, हे मी तिथे शिकलो.

दुसरी अडचण मराठीची. काकांना इंग्रजी वाचायची सवय नव्हती. मी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये काम करत होतो. त्यात मराठी नाव घातलं, की पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये अक्षर दिसे मराठी, पण आत साठे भलताच संकेत; फॉन्ट बदलला, की मजकुराची भेंडोळी होई. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. विंडोज एक्सपीत त्यासाठी 'मंगल' हा फॉन्ट होता. पण माझ्या व्हिज्युअल बेसिकच्या साध्या चौकटींना युनिकोड झेपत नव्हतं. दीड महिन्याचं काम बाजूला ठेवून मी जावा शिकलो. रडू आलं होतं, पण पर्याय नव्हता.

तिसरी परीक्षा घेतली भारनियमनानं. काकांच्या गल्ल्याशेजारी मागून आणलेला जुना कॉम्प्युटर ठेवला होता. एकदा त्यांनी शंभर रुपये जमा करून घेतले. जमेच्या तक्त्यात नोंद झाली आणि बाकीतून शंभर वजा होणार, तेवढ्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी हिशेब जुळेना. काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त वही परत हातात घेतली. तो दिवस मी विसरलेलो नाही. उपाय पुस्तकातच होता. दोन्ही नोंदी एकत्र बांधायच्या. झाल्या तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. बँकेचा व्यवहारही याच तत्त्वावर चालतो. 'ट्रॅन्झॅक्शन' हा धडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. समजला तो काकांच्या दुकानात.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मध्येच लाइट गेली तर?" मला हसू आलं. उत्तर पाठ करावं लागलंच नव्हतं.

काकांनी वही सोडली का? नाही. रोजची नोंद वहीतच राहिली. महिनाअखेरची बेरीज तेवढी कॉम्प्युटरवर होऊ लागली आणि चाळीस रुपयांचे वाद कमी झाले. अहवालात मी हेच लिहिलं. जे जमलं नाही तेही लिहिलं.

प्रोजेक्ट मोठाच असायला हवा असं नाही. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्हीतून अवकाशात गेला. त्याचा अभिमान आहेच. पण त्यामागे विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांचे कष्ट होते. एकट्यानं, एका वर्षात करायचं असेल, तर गल्लीतला प्रश्न पुरेसा आहे.

आज तर कृत्रिम बुद्धिमत्ता काही मिनिटांत प्रोग्रॅम लिहून देते. तयार सीडीचीही गरज उरली नाही. ती मदत जरूर घ्यावी. पण 'दळणवाल्या मावशी' कोणत्या रकान्यात बसवायच्या, हे काकांच्या दुकानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच. वापरणारा माणूस आधी शोधा, विषय नंतर ठरवा. पहिल्या महिन्यातच काहीतरी छोटं, पण चालणारं करून त्याच्या हातात द्या. कामाची प्रत रोज दुसरीकडे ठेवा. काय चुकलं ते तारखेसह लिहून ठेवा, अहवाल त्यातूनच तयार होतो. आणि पालकांनो, मुलाला "किती मार्क मिळतील?" असं विचारण्याआधी आमच्या सरांचा प्रश्न एकदा विचारून पाहा, "हे उद्या वापरणार कोण?"